नळाची धार आणि हवेची वाट

लग्नाघरी आचारी पंधरा किलोचा तेलाचा डबा फोडतो तेव्हा एका कोपऱ्यात भोक पाडून थांबत नाही. समोरच्या कोपऱ्यात तो दुसरं, जरा लहान भोक पाडतो आणि मगच डबा कढईवर कलता करतो. या दुसऱ्या भोकातून तेल बाहेर यायचं नसतं, हवा आत जायची असते. ते भोक नसेल तर तेल भकभक करत, थांबून थांबून येतं, मध्येच मोठी उसळी मारतं आणि तापलेल्या कढईत शिंतोडे उडतात. भांड्यातून जेवढा द्रव बाहेर जाईल तेवढीच जागा आतून भरून निघाली पाहिजे आणि ती भरायला हवेला वाट पाहिजे, हे ज्ञान हाताने काम करणाऱ्यांकडे पिढ्यान् पिढ्या आहे. घराच्या गच्चीवरच्या टाकीपाशी आलो की मात्र आपण ते विसरतो. नळाची धार बारीक झाली की आधी पंपाचा विचार होतो, नाहीतर टाकी उंचावर घेण्याचा. माझं म्हणणं एवढंच आहे, की पाणी बाहेर येत नसेल तेव्हा हवा आत येते आहे का, किंवा नको तिथे अडकून बसली आहे का, हे सगळ्यात आधी तपासावं. त्या तपासणीला बहुतेक वेळा पैसा लागत नाही आणि ती न करता केलेला खर्च पुष्कळदा वाया जातो.

यामागचं कारण आकड्यांतून नीट कळतं. समुद्रसपाटीला आपल्या डोक्यावरची हवा प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो वजनाइतका दाब देते. पाण्याच्या भाषेत बोलायचं तर हा दाब १०.३ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका आहे. आता एक लिटरची बाटली घ्या. तिच्यात २० सेंटिमीटर पाणी आणि वर १०० मिलिलिटर हवा आहे, झाकण घट्ट आहे आणि तळाला बारीक भोक आहे. पाणी गळायला लागलं की वरची हवा पसरते, पसरली की तिचा दाब कमी होतो. खालून बाहेरची हवा भोकावर पूर्ण दाबाने रेटतच असते. आतला दाब फक्त दोन टक्क्यांनी घटला की हिशेब बरोबरीत येतो, कारण २० सेंटिमीटर पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या दोन टक्केच आहे. म्हणजे १०० मिलिलिटर हवा १०२ होईपर्यंत, जेमतेम दोन मिलिलिटर पाणी बाहेर पडतं आणि धार थांबते. बाटली जवळजवळ भरलेली असूनही तिच्यातून चमचाभरसुद्धा पाणी येत नाही. झाकण सैल केलं की तीच धार लगेच सुरू होते. आत पोकळी पूर्ण व्हावी लागत नाही, दाबात इतका थोडा फरक पडला तरी पाणी अडतं, हे लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं होतं.

यावर एक शंका रास्त आहे. हवेचा दाब जर दहा मीटर पाणी तोलून धरू शकतो, तर पाण्याने भरलेला पेला उलटा केल्यावर पाणी का सांडतं? तिथेही वर हवा जायला वाट नाहीच. याचं उत्तर तोंडाच्या रुंदीत आहे. दाब पाणी धरायला पुरेसा असतो, पण पाण्याचा खालचा पृष्ठभाग सपाट राहिला तरच. रुंद तोंडाशी तो पृष्ठभाग जरासा हिंदकळतो, एका बाजूने पाणी खाली येतं, दुसऱ्या बाजूने हवेचा बुडबुडा वर घुसतो आणि सगळा तोल मोडतो. तोंड सेंटिमीटरभर किंवा त्याहून अरुंद असलं तर पाण्याचा पृष्ठताण त्या पृष्ठभागाला ताणून धरतो आणि बुडबुड्याला शिरू देत नाही. पेल्याच्या तोंडावर पोस्टकार्ड लावून तो उलटा करण्याचा शाळेतला प्रयोग यामुळेच जमतो: पाणी पेलून धरते ती हवा, कार्ड फक्त पृष्ठभाग हलू देत नाही. यातून व्यवहाराला उपयोगी असा निष्कर्ष निघतो. रुंद तोंडाचं भांडं हवा आणि पाणी या दोघांची ये-जा एकाच तोंडातून कशीबशी सांभाळतं, अरुंद तोंडाचं सांभाळत नाही. त्यामुळे तोंड जितकं अरुंद, तितकी हवेची वेगळी वाट गरजेची.

ही वेगळी वाट दर वेळी भोक पाडूनच करावी लागते असं नाही. कोपऱ्यात तोंड असलेला पाच लिटरचा कॅन ओतताना बहुतेक जण तो असा धरतात की तोंड खालच्या कडेला येतं. मग तोंड पूर्ण पाण्याने बुजतं आणि कॅन भकभकतो. तोच कॅन फिरवून तोंड वरच्या कडेला ठेवून कलता करा. धार तोंडाच्या खालच्या अर्ध्या भागातून वाहते, वरच्या अर्ध्या भागातून हवा आत जात राहते आणि ओतणं शांतपणे होतं. शेतात औषध मोजून ओतताना किंवा ॲसिडसारखं काही ओतताना ही सवय फक्त सोयीची नाही, डोळे आणि हात वाचवणारी आहे. पाठीवरच्या फवारणी पंपाच्या झाकणालाही हवेसाठी बारीक छिद्र असतं. ते औषधाच्या साक्याने बुजलं की दांडा जड जातो आणि फवारा मंदावतो. नोझल साफ करूनही फरक पडला नाही तर झाकण बघावं. मोटरसायकलच्या पेट्रोल टाकीच्या झाकणातलं छिद्र बुजलं तर गाडी चालता चालता बंद पडते आणि झाकण उघडून लावलं की पुन्हा सुरू होते, तो प्रकारही हाच. काचेच्या बाटलीतून सलाइन देताना हवेची वेगळी सोय करावी लागते आणि मऊ पिशवीला ती लागत नाही, कारण पिशवी रिकामी होत जाते तशी स्वतःच चपटी होते. अर्थात सलाइनला हात लावण्याचं काम परिचारिकेचं, नातेवाइकांनी त्यात पडू नये.

आता घराच्या टाकीकडे वळू. हजार लिटरची टाकी समजा, तिच्यात ९० सेंटिमीटर पाणी आणि वर शंभर लिटर हवा. झाकण आणि सगळे सांधे खरोखर हवाबंद असते तर तळाशी असलेल्या तोटीतून नऊ-दहा लिटर पाणी येऊन धार थांबली असती आणि तेव्हा टाकीच्या माथ्यावर प्रत्येक चौरस मीटरला ९०० किलोच्या आसपास भार आला असता. तोटी आणखी तीन मीटर खाली असेल तर ओढ चौपटीहून जास्त होते. प्लास्टिकची टाकी एवढा भार सोसत नाही, ती आत चेपते. इथे कोणी म्हणेल, की टाकीचं झाकण कधी इतकं घट्ट बसतच नाही, हवा कुठून ना कुठून शिरतेच. साध्या टाकीच्या बाबतीत हे खरं आहे आणि म्हणूनच आपल्या टाक्या रोज चेपत नाहीत. पण हल्ली झाकणं घट्ट बसवण्यावर भर असतो आणि तो योग्यच आहे. डेंगीचे डास स्वच्छ पाण्यात वाढतात आणि मुंबईत पालिकेची माणसं टाक्यांची झाकणं तपासतात. घट्ट झाकणाला रबरी पट्टी लागली, ओव्हरफ्लोच्या नळीत कोणी चिंधी कोंबली, तर हवेच्या वाटा एकेक करून बंद होतात आणि धार का मंदावली हे कोणाच्या ध्यानात येत नाही. डास आणि हवा यांपैकी एकाची निवड करायचं कारण नाही. झाकण घट्टच ठेवा आणि टाकीच्या माथ्यावर हवेसाठी खाली वळवलेली एक नळी बसवून तिच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. ओव्हरफ्लोच्या तोंडालाही जाळीच हवी, बोळा नको. जाळी वर्षातून एक-दोनदा घासावी लागते, कारण धूळ आणि शेवाळ मिळून तीच बुजवतात.

झाकणाची परीक्षा सोपी आहे. घरातला एक नळ चालू ठेवून एकाने धारेकडे बघावं, दुसऱ्याने गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण उघडावं. धार त्याच क्षणी वाढली तर दोष टाकीच्या हवेच्या वाटेत आहे. काहीच बदल झाला नाही तर पुढे धारेची चाल बघायची. नळ खोकल्यासारखा थुंकत असेल, पाणी आणि हवा आलटूनपालटून येत असेल, तर हवा नळीत आहे. धार एकसारखी पण बारीक असेल तर हवेचा संबंध बहुधा नाही: नळाच्या तोंडाची जाळी क्षारांनी बुजली आहे किंवा कुठला तरी व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे. आणि एका न्हाणीत चांगलं पाणी, शेजारच्या न्हाणीत थेंबही नाही, तेसुद्धा टाकी धुतल्यानंतर किंवा पाणी संपून पुन्हा भरल्यानंतर, अशी तक्रार असेल तर जवळजवळ खात्रीने समजावं की त्या लाइनने हवा धरली आहे.

लाइन हवा धरते म्हणजे काय होतं, हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच फुकट जातो. गच्चीवरून येणारी नळी सरळ उतारानं आली तर प्रश्न नसतो. पण ती कठड्यावरून चढते, तुळईखालून उतरते, खिडकीच्या चौकटीला वळसा घालून पुन्हा वर जाते. टाकी रिकामी झाल्यावर या चढउतारांत हवा शिरते. टाकी भरल्यावर पाणी येतं ते खोलगट जागा आधी भरतं आणि उंचवट्यावरची हवा दोन्हीकडून कोंडली जाते. कोंडलेली हवा उंचवट्याच्या उतरत्या बाजूला जेवढ्या उंचीची जागा अडवून बसते, तेवढ्या उंचीच्या पाण्याचा जोर वाया जातो, कारण त्या भागात पाण्याचं वजन मदतीला नसतं. टाकीतलं पाणी नळापेक्षा फक्त एक मीटर उंच आहे आणि वाटेत असे दोन उंचवटे आहेत असं समजा. प्रत्येकात ६० सेंटिमीटर उंचीची हवा अडकली तर एकूण तोटा १२० सेंटिमीटरचा झाला. हाताशी १०० सेंटिमीटरचीच उंची आहे, त्यामुळे पाणी येणारच नाही, नळ दिवसभर उघडा ठेवला तरी. वरच्या मजल्यावर ही तक्रार जास्त आणि तळमजल्यावर फारशी का नसते, त्याचं उत्तर यातच आहे. तळमजल्याला आठ-दहा मीटरची उंची मिळते आणि तेवढा जोर हवेला ढकलून बाहेर काढतो.

अडकलेली हवा काढायची तर तिला उलट्या दिशेने, टाकीकडे, वर पाठवणं सर्वांत सोपं. चांगला जोर असलेल्या एका नळापासून बंद पडलेल्या नळापर्यंत रबरी पाइप लावावा, दोन्ही टोकं क्लिपने आवळावीत आणि दोन्ही नळ उघडून अर्धा-एक मिनिट पाणी उलटं जाऊ द्यावं. गच्चीवर टाकीत बुडबुडे फुटताना दिसले की काम झालं. थेट पालिकेच्या नळाचा जोर यासाठी वापरत असाल तर पाण्याच्या वेळेतच, समोर उभं राहून करावं आणि पाइप लगेच काढून ठेवावा, त्याचं कारण पुढे येईल. मिक्सर असेल तर पाइपचीही गरज नसते: मिक्सरचं तोंड तळव्याने घट्ट दाबून थंड आणि गरम दोन्ही बाजू उघडल्या की थंडाचा जोर गरम लाइनमधली हवा मागे रेटतो. हे करण्याआधी गीझर बंद केलेला असावा आणि सौर बंबाची लाइन असेल तर सकाळी, पाणी तापायच्या आत करावं, कारण दुपारचं पाणी हात भाजण्याइतकं गरम असतं.

कायमचा उपाय मात्र टाकीपाशीच आहे. टाकीतून निघालेल्या प्रत्येक लाइनवर, व्हॉल्व्हच्या लगेच पुढे, टी लावून एक उभी नळी काढतात आणि ती टाकीच्या ओव्हरफ्लोपेक्षा वर नेऊन तोंड खाली वळवून उघडं ठेवतात. प्लंबर तिला एअर पाइप म्हणतात. लाइन रिकामी होताना हवा तिच्यातून आत येते, भरताना तिच्यातून बाहेर जाते. तिची उंची ओव्हरफ्लोपेक्षा कमी ठेवली तर टाकी भरल्यावर तिच्यातून पाणी वाहतं, मग कोणी तरी वैतागून तिला एंडकॅप लावून टाकतं आणि तिचा उपयोग संपतो. लाइनवर प्रेशर पंप बसवतानाही एअर पाइप बंद करावा लागतो, नाहीतर पंप पाणी तिकडूनच उडवतो किंवा हवा ओढतो. पण पुढे पंप जळतो, काढून टाकला जातो आणि कॅप तशीच राहते. जुन्या इमारतीत धारेची तक्रार असेल तर गच्चीवर जाऊन या कॅप मोजाव्यात, असं मी आग्रहाने सांगेन. सौर बंबाच्या टाकीवर वर गेलेली नळीही याच कामाची आहे आणि तिथे चूक जास्त महागात पडते. ती क्षारांनी बुजली किंवा गळते म्हणून बंद केली आणि थंड पाण्याची लाइनही बंद असताना कोणी गरम पाणी काढलं, तर आतली टाकी चेपू शकते.

बरं, एवढं करण्यापेक्षा टाकीच उंच घेतली तर? उंचीने जोर वाढतो यात शंका नाही, पण किती वाढतो ते बघून ठरवावं. इटलीच्या टॉरिचेलीने १६४४ मध्ये मांडलेला नियम इथे कामी येतो: उघड्या भांड्याच्या भोकातून पाणी ज्या वेगाने निघतं तो वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. एक मीटर उंचीला आदर्श वेग सेकंदाला ४.४ मीटर, तो दुप्पट करायचा तर उंची चार मीटर लागते. नळीतल्या घर्षणामुळे प्रत्यक्ष वेग यापेक्षा बराच कमी असतो, तरी वाढीचं प्रमाण साधारण असंच राहतं. म्हणजे तीन मीटरवरची टाकी चबुतरा बांधून चार मीटरवर नेली तर धार साधारण १५ टक्क्यांनी वाढते. हजार लिटर पाण्याचं टनभर वजन आणखी मीटरभर वर चढवायचं आणि मिळायचं एवढंच. उलट त्याच लाइनमधली ६० सेंटिमीटरची कोंडलेली हवा काढली तर धार जवळपास तितकीच वाढते, तीही फुकटात. हवा, व्हॉल्व्ह आणि जाळ्या तपासूनही धार अपुरी असेल तर मग पंपाचा किंवा जाड नळीचा विचार करायला माझी हरकत नाही.

टॉरिचेलीच्या नियमात हवेचा दाब कुठेच येत नाही, मग हवेचं एवढं महत्त्व कशाला, असाही आक्षेप घेता येईल. तो नियम उघड्या भांड्याचा आहे. वर पाण्याच्या पृष्ठभागावर हवा जेवढी दाबते, तेवढीच ती खाली भोकावर उलट दिशेने दाबते, दोन्ही दाब एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरते ती फक्त पाण्याची उंची. म्हणून महाबळेश्वरला, १३५० मीटरवर, हवा विरळ असली तरी टाकीच्या नळाला मुंबईतल्यासारखीच धार येते. हवेचा दाब हिशेबातून गळतो तो दोन्ही बाजूंना सारखा असेल तोवरच. एका बाजूची वाट अडवली की तो पूर्ण ताकदीनिशी हिशेबात येतो आणि त्याची ताकद दहा मीटर पाण्याची आहे.

पंपाच्या ओढीच्या बाजूला नेमकं हेच घडतं. तिथे पंप पाणी ओढतो असं वाटतं, प्रत्यक्षात तो नळीतला दाब कमी करतो आणि विहिरीतल्या पाण्यावर बसलेली हवा पाण्याला वर ढकलते. त्यामुळे काठावरचा पंप कितीही अश्वशक्तीचा घेतला तरी १०.३ मीटरपेक्षा खोल पाणी त्याला मिळणार नाही. ही मर्यादा विहिरीवर काम करणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होती आणि गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात तिची नोंद केली. तिचं कारण हवेच्या वजनात आहे, हे टॉरिचेलीने पाऱ्याच्या नळीने दाखवलं आणि १६४८ मध्ये पास्कालच्या मेव्हण्याने, पेरिएने, तीच नळी फ्रान्सातल्या प्यूई द डोम या डोंगरावर नेऊन पारा खाली उतरतो हे पाहिलं. म्हणून इथे महाबळेश्वर आणि मुंबई सारखी नाहीत. मुंबईत सैद्धांतिक मर्यादा १०.३ मीटर, पुण्यात ती साडेनऊ मीटरच्या जरा वर आणि महाबळेश्वरला पावणेनऊच्या आसपास. नळीतलं घर्षण आणि पाण्याची वाफ धरली तर व्यवहारात सहा-सात मीटरच धरावेत. उन्हाळ्यात विहिरीची पातळी याखाली गेली की मोटर फिरते पण पाणी उचलत नाही. तेव्हा मोठी मोटर आणण्याऐवजी आहे तीच मोटर विहिरीत खालच्या टप्प्यावर उतरवावी किंवा पाण्यात बुडणारी मोटर घ्यावी. पातळी बरी असूनही पाणी उचलत नसेल तर ओढीच्या नळीचा एखादा सांधा हवा घेतो आहे किंवा फूट व्हॉल्व्ह धरत नाही. या सांध्यातून पाणी बाहेर गळत नाही, हवा आत जाते, म्हणून डोळ्यांना काहीच दिसत नाही. सांध्यांवर साबणाचा दाट फेस लावून मोटर चालवावी: जिथे फेस आत ओढला जातो तिथे गळती.

सांडपाण्याच्या नळ्यांनाही हवा लागते. बेसिन रिकामं होताना गुरगुर आवाज येतो, वरच्या मजल्यावर फ्लश झाला की खालच्या न्हाणीत वास येतो, तेव्हा आपण नळी तुंबली म्हणून ॲसिड ओततो. पुष्कळदा नळी मोकळीच असते. उभ्या नळीतून पाण्याचा लोंढा उतरताना मागे दाब कमी होतो आणि हवेला गच्चीवरून यायला वाट नसेल तर ती न्हाणी ट्रॅपमधून ओढली जाते. ट्रॅपमधलं पाच सेंटिमीटर पाणी तिच्याबरोबर निघून जातं आणि वासाला दार उघडं होतं. गच्चीवर पत्र्याची शेड घालताना ही नळी कापून वर फरशी बसवलेली असते, ती आधी शोधावी.

मघाशी रबरी पाइप लगेच काढायला सांगितलं त्याचं कारण आता. आपल्या बहुतेक शहरांत आणि गावांत पाणी ठरावीक वेळच येतं. पुरवठा बंद झाला की उताराकडची घरं लाइन रिकामी करतात आणि वरच्या भागातल्या नळीत दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. त्या वेळी नळाला जोडलेला पाइप बादलीत किंवा हौदात बुडालेला असेल तर ते पाणी उलटं लाइनमध्ये ओढलं जातं. गटाराशेजारून गेलेल्या फुटक्या नळीतून तर काय काय आत येईल ते सांगायला नको. पाइपचं टोक पाण्याच्या पातळीपासून वर राहील असं बांधणं आणि पाणी सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांचं पाणी पिण्यासाठी न भरणं, या दोन गोष्टी कोणालाही जमण्यासारख्या आहेत. मोठ्या जलवाहिन्यांवर रस्त्याच्या कडेला जे एअर व्हॉल्व्ह दिसतात ते नळी भरताना हवा बाहेर सोडतात आणि रिकामी होताना आत घेतात. टंचाईच्या दिवसांत त्यांतून गळणारं पाणी भरायला लोक जमतात आणि कधी तो व्हॉल्व्ह मुद्दाम ढिला केला जातो. तहानलेल्या माणसाला दोष देववत नाही. पण त्याच व्हॉल्व्हच्या खड्ड्यात साचलेलं गढूळ पाणी नळीचा दाब उतरला की आत जातं आणि पुढच्या गावाला तेच प्यावं लागतं. तिथे पाणी देण्याची जबाबदारी असलेल्यांनी व्हॉल्व्हशेजारी वेगळी तोटी दिली पाहिजे.

हवेची वाट नेहमी मोकळीच हवी असं मात्र नाही. ती मोजून दिली तर धार आपल्या मुठीत राहते. सतराव्या शतकातल्या मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी बाटली याच तत्त्वावर चालते आणि गावाला जाताना कुंड्यांना किंवा नव्या कलमांना पाणी देण्यासाठी ती घरी करता येते. वीस लिटरचा कॅन घ्या, तळाजवळ ठिबकची बारीक नळी हवाबंद बसवा. झाकणाला भोक पाडून त्यातून एक सरळ नळी आत घाला, तिचं खालचं टोक ठिबकच्या तोंडापेक्षा दहा सेंटिमीटर वर राहू द्या आणि झाकणाच्या सगळ्या फटी मेणाने किंवा सिलिकॉनने बुजवा. आता हवा येईल ती फक्त या नळीतून, तिच्या खालच्या टोकाशी बुडबुडे सोडत. त्यामुळे त्या टोकाशी दाब कायम बाहेरच्या हवेइतका राहतो आणि ठिबकवर जोर पडतो तो दहा सेंटिमीटरचाच, कॅन काठोकाठ भरलेला असो वा निम्मा. उघड्या कॅनमधून पहिल्या दिवशी भरपूर आणि नंतर थेंब थेंब येतं, इथे पातळी नळीच्या टोकापर्यंत उतरेपर्यंत ठिबक एकसारखं राहतं. पाणी जास्त हवं तर नळी थोडी वर ओढावी, कमी हवं तर खाली सरकवावी. कॅन सावलीत ठेवावा, कारण ऊन लागलं की आत कोंडलेली हवा फुगते आणि ठरल्यापेक्षा जास्त पाणी बाहेर ढकलते. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी तो चालवून बघावा: नळीच्या टोकाशी बुडबुडे येत नसताना पाणी गळत असेल तर झाकणाची एखादी फट बुजायची राहिली आहे.